गास्केटचे ग्रीस: आधी रबर ओळखावे, मग डबी उघडावी

बडोद्याच्या मकरपुऱ्यातील एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या आणि सुटीच्या दिवशी घरातली घड्याळे स्वतःच उघडून बसणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, घड्याळाच्या गास्केटला, म्हणजे जोडांतून पाणी आत जाऊ नये म्हणून बसवलेल्या रिंगला, नेमके कोणते ग्रीस लावावे. त्यांच्यापुढे तीन घड्याळे आहेत: मागचे झाकण आट्यांचे असलेले आणि डायलवर २०० मीटर लिहिलेले ऑटोमॅटिक डायव्हर (पाण्यात उतरण्यासाठीचे घड्याळ), वडिलांचे रोज चावी द्यावी लागणारे एचएमटी आणि स्टॉपवॉचची दोन बटणे असलेले, सेलवर चालणारे क्वार्ट्झ क्रोनोग्राफ. तिन्हींची नवी गास्केटे त्यांनी आणून ठेवली आहेत. लावण्यासाठी हाताशी असलेल्या वस्तूही तीनच: कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला असलेल्या मामांनी दिलेली लिथियम ग्रीसची डबी, घरातले व्हॅसलीन आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ‘सिलिकॉन पेस्ट’ म्हणून आणलेली पांढरी ट्यूब. यांतले कोणते चालेल, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, या तिन्हींपैकी एकही वस्तू घड्याळात जाऊ नये. घड्याळाच्या गास्केटसाठी म्हणून विकले जाणारे, स्पंजच्या छोट्या डबीत मिळणारे साधे सिलिकॉन ग्रीस आपल्या बहुतेक कामाला पुरेल. फक्त एखादी रिंग स्वतःच सिलिकॉन रबराची निघाली, तर तिला ते लावू नये. एवढे वाचून आपण थांबलात तरी काम फारसे बिघडणार नाही. परंतु तीस वर्षांहून अधिक काळ रावपुऱ्यात एकाच टेबलाशी बसल्यावर मला असे दिसते की, चुकीच्या ग्रीसमुळे जितकी घड्याळे माझ्याकडे येतात, त्याहून अधिक घड्याळे ग्रीसकडून भलतीच अपेक्षा ठेवल्यामुळे येतात. म्हणून कारणांसह लिहितो.

पाणी अडवण्याचे काम ग्रीस करत नाही, रबर करते. ओ-रिंग, म्हणजे गोल छेदाची रबरी रिंग, तिच्या खाचेत बसवून वर झाकण आवळले की तिचा गोल छेद दाबला जाऊन थोडा चपटा होतो. न हलणाऱ्या जोडावर हे दाबले जाणे साधारणपणे जाडीच्या १५ ते ३० टक्के इतके धरतात. दाबलेले रबर आपल्या मूळ आकाराकडे परत जाऊ पाहते आणि त्या जोराने धातूच्या दोन्ही पृष्ठांना चिकटून राहते. बाहेरून पाण्याचा दाब आला की तो रिंगला खाचेच्या एका कडेला आणखी रेटतो, म्हणजे दाब वाढला तरी काही मर्यादेपर्यंत जोड उलट घट्टच होतो. ग्रीसला असा कोणताही जोर नसतो. दहा मीटर खोल पाण्यात साधारण एक बारचा जादा दाब पडतो, आणि तेवढा दाब ग्रीसचा पातळ थर सहज बाजूला सारतो. त्यामुळे वर्षानुवर्षे दबून चपटी झालेली, नखाने दाबली तरी न उसळणारी जुनी रिंग भरपूर ग्रीस लावून पुन्हा बसवणे म्हणजे फुटलेल्या कौलावर रंग देण्यासारखे आहे. आपण नव्या रिंगा आणल्या आहेत, म्हणजे निम्म्याहून अधिक काम योग्य दिशेने झाले आहे.

मग ग्रीस लावायचे कशाला? पहिले कारण बसवतानाचे आहे. कोरडे रबर धातूवर सरकत नाही, ते अडते, पिळले जाते आणि कधी कधी आट्यांच्या धारेवर त्याचा टवका निघतो. आपल्या डायव्हरचे झाकण फिरवून बसते, म्हणजे शेवटच्या पाऊण फेऱ्यात ते रिंगवर घासत जाते. रिंग कोरडी असेल तर ती झाकणाबरोबर ओढली जाऊन एका ठिकाणी ताणली जाते आणि दुसऱ्या ठिकाणी गोळा होते. बाहेरून पाहणाऱ्याला झाकण घट्ट बसल्याचे समाधान मिळते, आणि पाण्याला मात्र आत जायला वाट मिळते. दुसरे कारण हलणाऱ्या जोडांचे आहे, त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो. तिसरे कारण त्यामानाने किरकोळ आहे: ग्रीसचा थर धातूवरचे बारीक ओरखडे भरून काढतो आणि घामाला रबराच्या व धातूच्या मध्ये साचू देत नाही. या तिन्ही कामांना लागणारे ग्रीस किती, तर रिंगवर नुसती चकाकी दिसेल इतके.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे रबर. गिऱ्हाईक ज्याला सरसकट ‘वॉशर’ किंवा ‘पॅकिंग’ म्हणते, ते चार-पाच वेगवेगळ्या पदार्थांपैकी काहीही असू शकते. मनगटी घड्याळांत सर्वाधिक आढळते ते काळे नायट्राइल रबर. त्याखालोखाल महागड्या घड्याळांत फ्लोरोरबर असते, जे व्हायटन या नावाने अधिक ओळखले जाते. काही ठिकाणी ईपीडीएम असते, काही ठिकाणी सिलिकॉन रबर. काचेभोवतीची रिंग बहुधा रबराची नसून नायलॉनसारख्या प्लास्टिकची असते, तिचा विचार वेगळा. या प्रत्येकाची रासायनिक जात निराळी आहे, आणि नियम असा की, रबर आपल्या जातीचे तेल पिते. तेल प्यालेले रबर फुगते, मऊ पडते आणि ज्या खाचेसाठी ते बनवले त्या खाचेत मावेनासे होते.

खनिज तेलाचे ग्रीस ईपीडीएमला फुगवते. सिलिकॉन रबरालाही ते मानवत नाही. नायट्राइल मात्र खनिज तेल सहन करण्यासाठीच नावाजलेले आहे. सिलिकॉन ग्रीस नायट्राइल, ईपीडीएम आणि फ्लोरोरबर या तिघांनाही चालते, पण सिलिकॉन रबराला चालत नाही, कारण ग्रीसमधले सिलिकॉन तेल आणि ते रबर एकाच घराण्यातले आहेत. या सर्वांना चालेल असे ग्रीस हवे असेल तर फ्लोरिनयुक्त तेलाचे, म्हणजे क्रायटॉक्स किंवा फॉम्ब्लिन या नावांनी मिळणारे घ्यावे लागते. ते सिलिकॉन रबरालाही फुगवत नाही, पण किमतीला चांगलेच जड असते आणि घरी तीन घड्याळे उघडणाऱ्याने त्यासाठी खिसा रिकामा करण्याचे कारण मला दिसत नाही.

या नियमाची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी वेगवेगळ्या मापांच्या रिंगांचा एक खोका घेतला. खोक्यावर सर्व माल नायट्राइलचा असल्याचे लिहिले होते. त्यातल्या काही रिंगा दुधी रंगाच्या आणि बोटाला जरा अधिकच लुसलुशीत होत्या, हे मला दिसले होते, पण मापाला तंतोतंत बसल्या म्हणून मी त्या वापरल्या आणि नेहमीच्या सवयीने सिलिकॉन ग्रीस लावले. आठ-नऊ महिन्यांनी त्यातले एक घड्याळ सेल बदलण्यासाठी परत आले. झाकण उघडताच रिंग शिजलेल्या शेवईसारखी खाचेतून बाहेर आली. ती जाड झाली होती, लांबही झाली होती आणि परत खाचेत बसायला तयार नव्हती. सुदैवाने आत पाणी गेलेले नव्हते. बाकीच्या गिऱ्हाइकांना मी निरोप पाठवून बोलावून घेतले आणि पदरमोड करून रिंगा बदलून दिल्या. त्या खोक्यावरील मजकुरापेक्षा माझ्या बोटांवर मी विश्वास ठेवायला हवा होता.

रंगावरून रबर ओळखता येते का, असे पुष्कळ जण विचारतात. रंग हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. काळी रिंग बहुधा नायट्राइलची असते, पण फ्लोरोरबरही काळे मिळते. तपकिरी किंवा हिरवी असल्यास फ्लोरोरबराची शक्यता वाढते. दुधी, पारदर्शक किंवा लालसर आणि लुसलुशीत असल्यास सिलिकॉनचा संशय घ्यावा. काही जण तुकडा जाळून राखेच्या रंगावरून परीक्षा करतात. सिलिकॉन रबराची राख पांढरी पडते हे खरे असले तरी हा प्रयोग आपण करू नये, कारण तुकडा फ्लोरोरबराचा निघाल्यास त्याचा धूर विषारी असतो. मी सांगतो ती परीक्षा संथ आहे, पण निर्धोक आहे. आपण आणलेल्या रिंगांपैकी एक जादा असेल तर ती मधोमध कापावी. एक अर्धा भाग निवडलेल्या ग्रीसमध्ये पूर्ण बुडवून बाटलीच्या झाकणात ठेवावा, दुसरा कोरडा ठेवावा, आणि दोन्ही आठ-दहा दिवस माळ्यासारख्या उबदार जागी राहू द्यावेत. मग ग्रीस पुसून दोन्ही तुकडे शेजारी ठेवून भिंगातून पाहावेत आणि व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या हत्याराने) लांबी व जाडी मोजावी. बुडवलेला तुकडा लांब, जाड किंवा बुळबुळीत मऊ झालेला असेल, तर ते ग्रीस त्या रबराचे नाही. कारखान्यात नोकरी करणाऱ्याला व्हर्नियर मिळवणे अवघड जाणार नाही.

आता आपल्याजवळच्या तीन वस्तूंकडे वळतो. मामांनी दिलेले लिथियम ग्रीस बेअरिंगसाठी उत्तम असेल. बडोद्यात रिफायनरीशी नाते असलेल्या प्रत्येक घरात अशी एक डबी सापडतेच, आणि ती शिलाई मशीनपासून फाटकाच्या बिजागरीपर्यंत सगळीकडे फिरते. पण ते खनिज तेलाचे आहे, त्यामुळे रिंग ईपीडीएमची किंवा सिलिकॉनची असल्यास ती फुगेल. नायट्राइलला त्याने लगेच काही होणार नाही, तरी त्यात जड भारासाठी मिसळलेली रसायने असू शकतात आणि गंधकयुक्त रसायनांनी पितळेसारख्या पिवळ्या धातूंवर डाग पडू शकतात. घड्याळाचे मशीन बहुतांश पितळेचे आहे, हे विसरू नये.

व्हॅसलीनविषयी मी जरा सांभाळून बोलतो, कारण आमच्या आधीच्या पिढीतील कित्येक चांगल्या कारागिरांनी तेच वापरले आणि त्यांची घड्याळे चालली. त्या काळी गास्केट नायट्राइलचे असे, आणि नायट्राइलला व्हॅसलीन मारक नाही. अडचण उन्हाची आहे. व्हॅसलीन चाळिशीच्या आसपासच्या तापमानापासून मऊ पडू लागते आणि आणखी तापले की वाहू लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले घड्याळ त्याहूनही पुष्कळ तापते. पातळ झालेले व्हॅसलीन गास्केटपाशी थांबत नाही. ते झाकणाच्या आतल्या बाजूने पसरते आणि थंड झाल्यावर जिथे पोचले तिथे गोठते. ऑटोमॅटिक घड्याळात रोटर, म्हणजे आपोआप चावी देणारे फिरते वजन, झाकणाच्या अगदी जवळून फिरतो, एवढे सांगितले तरी पुरे.

सर्वांत घातक वस्तू ती पांढरी ट्यूब आहे, आणि नाव मात्र तिचेच योग्य वाटते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘सिलिकॉन पेस्ट’ म्हणून बहुधा ट्रान्झिस्टर किंवा प्रोसेसरची उष्णता वाहून नेण्यासाठीची पेस्ट मिळते. तिच्यात सिलिकॉन तेल असते हे खरे, पण पांढरा रंग येतो तो झिंक ऑक्साइडसारख्या भुकटीचा. ती भुकटी क्राऊनच्या, म्हणजे चावी द्यायच्या व वेळ लावायच्या गोल खुंटीच्या, रिंगमध्ये आणि क्राऊन ज्या धातूच्या नळीवर बसते त्या ट्यूबमध्ये अडकली की दरवेळी चावी फिरवताना पॉलिश पेपरचे काम करते. याहूनही वाईट प्रकार एकदा पाहिला: एका गृहस्थांनी स्नानगृहाच्या फरशीसाठीचे सिलिकॉन सीलंट झाकणाभोवती भरले होते. ते सीलंट सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो ॲसेटिक आम्लाचा असतो. घड्याळाच्या बंद केसमध्ये (बाहेरच्या कवचात) तो वायू कोंडला जाऊन स्टेम (क्राऊनचा आत जाणारा दांडा) आणि स्क्रू गंजले, आणि झाकण उघडताना केसचीही नासधूस झाली. सिलिकॉन ग्रीस, सिलिकॉन स्प्रे, सिलिकॉन पेस्ट आणि सिलिकॉन सीलंट या चार वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीच आपल्या कामाची आहे.

ती विकत घेताना पाहायचे ते असे. ग्रीस स्वच्छ, जवळपास पारदर्शक आणि दाटसर असावे. बोटांच्या चिमटीत घेऊन बोटे हळूच दूर केली तर धागा धरावा, पण उभ्या काचेवर ठिपका ठेवल्यास तो ओघळू नये. घड्याळाच्या हत्यारांच्या दुकानात बर्जन किंवा सायको यांची दोन स्पंजांची डबी मिळते. तिच्यात दोन्ही बाजूंना ग्रीस भिजलेला स्पंज असतो, मध्ये रिंग ठेवून झाकण हलकेच दाबून फिरवले की सर्व बाजूंनी सारखा थर बसतो. नळांच्या आणि पाण्यात बुडणाऱ्या टॉर्चच्या ओ-रिंगांसाठी मिळणारे शुद्ध सिलिकॉन ग्रीसही चालते, मोलिकोट १११ हे त्यातले माहितीचे नाव. त्याच मालिकेतले मोलिकोट ५५ मात्र नावात ओ-रिंग असूनही घड्याळासाठी मी घेत नाही, कारण ते रबर मुद्दाम थोडे फुगवण्यासाठी बनवलेले आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या मोठ्या यंत्रात तो गुण असेल. अर्धा मिलिमीटर जाडीच्या रिंगला तो अवगुण ठरतो.

सिलिकॉन ग्रीसचा एक दोष सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यातल्या तेलाचा पृष्ठताण कमी असतो, त्यामुळे ते धातूवर थेंब होऊन थांबत नाही, हळूहळू चढते आणि पसरते. घड्याळाच्या मशीनमध्ये ज्या ठिकाणी तेलाचा सूक्ष्म थेंब जागच्या जागी राहायला हवा, त्या ठिकाणी सिलिकॉनचा लेप पोचला तर तेथील तेलही टिकत नाही. डायलवर लागल्यास डाग राहतो आणि तो काढताना छापील अक्षरे जाण्याचा धोका असतो. म्हणून माझ्या टेबलावर सिलिकॉनची डबी मशीनच्या तेलांपासून वेगळ्या खणात असते, तिची चिमटी वेगळी असते, आणि ग्रीसचे काम झाल्यावर बोटांवरचे रबरी टोपण बदलूनच मी मशीनला हात लावतो. हे सोवळे वाटेल, पण गरजेचे आहे.

आता क्रमाने आपली घड्याळे. डायव्हरचे झाकण काढल्यावर जुनी रिंग लाकडी काडीने उचलावी, सुईने नव्हे. सुईचा ओरखडा खाचेत राहिला की नवी रिंगही तिथे गळते. खाचेत घाम, धूळ आणि जुने ग्रीस मिळून काळा चिकटा झालेला असतो. नवरात्रानंतर माझ्याकडे येणाऱ्या घड्याळांत तो ठरलेला. नऊ रात्री गरबा खेळलेल्या मनगटावरचे घड्याळ आतून कोरडे असले तरी झाकणाच्या कडेला मीठ गोठलेले दिसते. हा चिकटा टोकदार केलेल्या लाकडाच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने काढावा, कापूस वापरू नये, कारण त्याचा एक तंतू रिंगखाली राहिला तर तोच पाण्याची वात होतो. नवी रिंग पेट्रोलमध्ये धुऊ नये. आमच्या धंद्यात मशीन पेट्रोलमध्ये धुण्याची सवय असल्यामुळे हात आपोआप तिकडे जातो, पण सिलिकॉन आणि ईपीडीएम दोन्ही पेट्रोलने फुगतात. साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकू द्यावी, एवढे बस्स.

मग रिंगला चकाकी येईल इतके ग्रीस लावून ती खाचेत बसवावी, कुठे पीळ पडलेला नाही ना हे भिंगातून एक पूर्ण फेरी मारून पाहावे, आणि झाकणाच्या आट्यांवरही अगदी पुसट बोट फिरवावे. स्टेनलेस स्टीलचे आटे कोरडे असताना एकमेकांना चावून बसतात, टायटॅनियमचे तर अधिकच. झाकण आवळल्यावर कडेने ग्रीस बाहेर आले तर ते जास्त झाले असे समजावे. जितके बाहेर आले तितकेच आतही गेलेले असते.

डायव्हरमध्ये खरे लक्ष द्यायला हवे ते क्राऊनकडे. झाकण वर्षा-दोन वर्षांनी एकदा उघडते, क्राऊन मात्र तारीख किंवा वेळ लावताना दरवेळी सरकते आणि फिरते. तिच्या पोटात एक बारीक रिंग असते, ती ट्यूबवर घासत राहते, आणि तेथील ग्रीस सर्वांत आधी संपते. माझ्याकडे पाणी गेलेली जी घड्याळे येतात, त्यांत झाकणापेक्षा क्राऊनमधून पाणी शिरलेली अधिक असतात, आणि त्यांतली बरीच क्राऊन नीट आवळायची राहून गेलेली असतात. ग्रीस लावण्यासाठी स्टेमसह क्राऊन बाहेर काढावी, तेल लावण्याच्या बारीक सुईच्या टोकाने तिच्या आतील रिंगवर तीन-चार ठिकाणी ठिपके ठेवावेत, आणि क्राऊन ट्यूबवर चढवून फिरवली की ते आपोआप पसरते. स्टेमवर ग्रीस ओघळू देऊ नये, कारण स्टेम थेट मशीनमध्ये जातो. रिंग कडक झालेली किंवा चिरलेली असेल तर बहुतेक क्राऊनमध्ये ती एका धातूच्या चकतीखाली अडकवलेली असते, सुटी बदलता येत नाही. अशा वेळी संपूर्ण क्राऊनच बदलावी, आणि ट्यूब झिजून मध्ये बारीक झालेली असल्यास तीही. झिजलेल्या ट्यूबवर दाट ग्रीस भरून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. चार आठवडे ते टिकते, पाचव्या आठवड्यात गिऱ्हाईक परत येते.

वडिलांच्या एचएमटीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि त्यांची रोज चावी द्यायची साधी घड्याळे पाण्यात उतरण्यासाठी नव्हती. माझ्या हातून गेलेल्या बहुतेकांत दाबून बसणारे झाकण आणि आत एक पातळ रिंग एवढेच असते. क्राऊनमध्ये कित्येकदा काहीच नसते. रिंग नवी बसवावी, नावापुरते ग्रीस लावावे, म्हणजे झाकण दाबताना रिंग चिमटली जाणार नाही, आणि घड्याळ पावसात खिशात किंवा पाकिटात ठेवावे. भरपूर ग्रीस लावून ते जलरोधक करता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले, त्यानंतर अशी कितीतरी घड्याळे माझ्याकडे आली. त्यांतल्या एका-दोघांनी कडेला ग्रीस थापून ठेवले होते, आणि त्यांच्या मशीनमध्ये गाळाच्या जोडीला ग्रीसही निघाले.

क्वार्ट्झ क्रोनोग्राफची अडचण बटणांत आहे. प्रत्येक बटणाच्या दांड्यावर अगदी बारीक रिंग असते आणि स्प्रिंग तिला बाहेर ढकलते. इथे फार दाट ग्रीस लावले तर बटण दाबल्यावर परत यायला आळस करते, आणि हिवाळ्यात ते जास्त जाणवते. म्हणून येथे त्याच सिलिकॉन ग्रीसचा, पण डायव्हरच्या मानाने निम्माच ठिपका लावावा आणि बटण वीस-पंचवीस वेळा दाबून पाहावे. बटण काढण्यासाठीची आतील कडी हवेत उडून हरवण्यात वाकबगार असते. ते काम प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करावे, किंवा पहिल्यांदाच करत असाल तर बटणे न काढता फक्त झाकणाची रिंग बदलावी.

काचेच्या प्लास्टिक रिंगला मी ग्रीस लावत नाही. ती दाबाने घट्ट धरून बसणारी असते, आणि तिथे बुळबुळीतपणा आला तर दाबताना काच तिरपी बसते किंवा पुढे कधीतरी सुटते.

उरलेल्या रिंगा पाकिटात बंद करून कपाटात अंधारात ठेवाव्यात. नायट्राइलला ओझोनचे वावडे आहे, त्यामुळे खिडकीत किंवा सतत चालणाऱ्या विजेच्या मोटारीजवळ ठेवलेल्या रिंगांना न वापरताच भेगा पडतात. पाण्यात वापरल्या जाणाऱ्या घड्याळाची झाकण व क्राऊनची गास्केटे आपल्या हवेत दोन-तीन वर्षांनी बदलावीत, आणि मध्ये सेलसाठी किंवा अन्य कारणाने झाकण उघडलेच तर रिंग पुसून पुन्हा ग्रीस लावावे, असे मी गिऱ्हाइकांना सांगतो.

शेवटी तपासणी. आयएसओ २२८१० या जलरोधक घड्याळांच्या मानकात एक साधी परीक्षा आहे, ती घरीही जमण्यासारखी आहे, पण ती पाणी आत जाऊन गेल्यावरच उत्तर देते: घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवून काचेवर १८ ते २५ अंशांच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा आणि काचेच्या आतून धुके दिसते का ते पाहायचे. धुके दिसले तर आत ओल आहे. पाणी जाण्याआधी उत्तर हवे असेल तर दाबाच्या यंत्रावर घड्याळ न्यावे. कोरड्या यंत्रात हवेच्या दाबाने केस किती वाकते आणि तशीच राहते का, हे मोजले जाते. ओल्या यंत्रात घड्याळ आधी पाण्याच्या वर हवेच्या दाबात ठेवतात, मग पाण्यात उतरवून दाब हळूहळू सोडतात. कुठून बुडबुड्यांची अखंड माळ निघाली तर तोच गळका जोड. तशी माळ दिसताच, दाब पूर्ण उतरायच्या आत, घड्याळ पाण्याबाहेर काढायला कारागिराला सांगावे, नाहीतर परीक्षेतच पाणी आत जाते. डायव्हर पोहण्याच्या तलावावर नेण्याआधी ही तपासणी करून घ्यावी, आणि बुडबुडे क्राऊनपाशी निघाले तर दुसऱ्यांदा ग्रीस लावत न बसता ट्यूबचे बाहेरचे माप घेऊन नवी क्राऊन मागवावी.